कामाचे पोटहिस्से पाडताना

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या उद्योग पुरवणीत लघुउद्योगांमधल्या कामाच्या नोंदींवर लेख आला होता. वही सोडा, एक्सेलही सोडा, प्रकल्प व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर घ्या, असं त्यात म्हटलं होतं. ते मला पटतं. पुढे सल्ला असा होता की, काम हाताबाहेर जातंय असं वाटलं तर सॉफ्टवेअरमध्ये कामाच्या पातळ्या वाढवाव्यात, म्हणजे वरपासून खालपर्यंत सगळं दिसू लागतं. हा सल्ला आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी अक्षरशः पाळला गेला, आणि त्या पातळ्या संगणकात चढवल्या मीच. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी नाशिकला, अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नियोजन बघते. 19 वर्षं झाली. आम्ही इलेक्ट्रिकल पॅनेल बनवतो; सबस्टेशनात, पंपहाउसमध्ये उभी असतात ती पत्र्याची कपाटं. आत ब्रेकर, बसबार म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या, रिले, मीटर आणि शेकडो वायरी. एका पॅनेलचे आमच्याकडे नऊ टप्पे : ड्रॉइंगची मंजुरी, मालाची यादी, पत्र्याचं काम, पावडर कोटिंग, सामान बसवणं, बसबार, वायरिंग, टेस्टिंग आणि पॅकिंग. टेस्टिंगच्या वेळी ग्राहकाचा माणूस तपासणीला येतो, त्यानं सही केली की गाडी भरते.

सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा त्यात तीन पातळ्या होत्या. आम्ही त्यांना ऑर्डर, पॅनेल आणि काम अशी नावं दिली आणि दीड वर्ष त्यावर नीट चाललं. मग 46 पॅनेलची एक ऑर्डर आली, चार लॉटमध्ये पाठवायची. प्रत्येक लॉटची तारीख वेगळी, बिलही लॉटप्रमाणे. स्क्रीनवर मात्र 46 पॅनेल एकाच ऑर्डरखाली ओळीनं पडलेली. कोणतं पॅनेल कोणत्या लॉटचं, हे मी नावापुढे कंसात लिहून भागवत होते. मालक म्हणाले, "मॅडम, मला लॉट दिसला पाहिजे." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. लॉटला स्वतःची तारीख होती, स्वतःचं बिल होतं आणि तो कधी पुरा होणार हे रोज फोन करून विचारणारा माणूस होता. तिथे पातळी हवीच होती.

पण लॉट हवा होता ऑर्डर आणि पॅनेल यांच्या मध्ये, आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी पातळी टोकालाच जोडता येते, मध्ये घालता येत नाही. हे बऱ्याच ठिकाणी असंच आहे, आणि सॉफ्टवेअर विकत घेताना कुणी सांगत नाही, म्हणून जरा तपशिलात लिहिते. जिरा हे कामाच्या नोंदी ठेवायचं असंच एक सॉफ्टवेअर. त्यात मुळात तीन पातळ्या असतात, त्यांची नावं इंग्रजी : वर एपिक म्हणजे मोठं काम, त्याखाली स्टोरी, टास्क किंवा बग आणि सगळ्यात खाली सब-टास्क. प्रीमियम योजना घेतली तर एपिकच्या वर आणखी पातळ्या चढवता येतात. एपिक आणि स्टोरीच्या मध्ये नाही, सब-टास्कच्या खालीही नाही. शिवाय हा बदल एका प्रकल्पापुरता राहत नाही, कंपनीच्या सगळ्या जिराला लागू होतो. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअर डेव्हऑप्समध्ये अ‍ॅजाइल नावाचा तयार नमुना घेतला तर एपिक, फीचर, यूजर स्टोरी आणि टास्क अशा चार पायऱ्या मिळतात. तिथेही नवी पातळी वरच्या टोकालाच जाते. काही ठिकाणी मात्र पातळ्यांना अशी ठरीव नावं नसतात : गिटहबवर आठ पातळ्यांपर्यंत उपनोंदी करता येतात, एका नोंदीखाली जास्तीत जास्त 100. रेडमाइनमध्ये उपकामाखाली उपकाम घालत जाता येतं. पण पातळ्या ठरीव असतील तर आज जिथे दोनच पायऱ्या पुरतात, तिथे उद्या मधली तिसरी लागेल का, याचा विचार पहिल्या दिवशीच करावा लागतो.

आम्ही केला नव्हता. त्यामुळे सगळ्यात वर एक नवी पातळी तयार करून तिला ऑर्डर म्हटलं आणि जुन्या ऑर्डरच्या पातळीचं नाव बदलून लॉट केलं. चालू ऑर्डरी होत्या 61. त्यातल्या 38 ऑर्डरींत एकच पॅनेल होतं. त्यांनाही आता एका पॅनेलचा एक लॉट करावा लागला. चार लॉटच्या एका ऑर्डरसाठी बाकी 60 ऑर्डरींना एक पायरी जास्त चढावी लागली. माझे दोन रविवार त्यात गेले. एवढं होऊनही ती पातळी योग्य होती असंच मी आजही म्हणते.

चूक झाली ती त्यानंतर. हात घातलाच आहे तर सगळंच नीट करून टाकू, असं ठरलं. सल्लागार आले होते, त्यांनी फळ्यावर सुंदर आकृती काढली. ऑर्डरच्या वर ग्राहक, ग्राहकाच्या वर आमचा विभाग, आणि खाली प्रत्येक कामाच्या पोटात क्रिया. विभाग, ग्राहक, ऑर्डर, लॉट, पॅनेल, काम, क्रिया : सात पातळ्या. माझ्या आजीच्या घरी मडक्यांची उतरंड होती. खालच्या मडक्यातले कडवे वाल काढायचे तर वरची सगळी मडकी उतरवावी लागत. एका पॅनेलचं काय झालं हे पाहायला सहा वेळा क्लिक करताना मला ती उतरंड आठवायची.

क्रिया कुणी पाडायच्या, हे ज्या त्या विभागावर सोडलं होतं. पत्र्याच्या विभागातल्या सुपरवायझरना संगणकाची सवय आहे. त्यांनी शिअरिंग, पंचिंग, बेंडिंग असं करत एका पॅनेलच्या सात क्रिया पाडल्या. ड्रॉइंगच्या तीन झाल्या, यादीच्या दोन, कोटिंगच्या चार, सामान बसवण्याच्या चार, बसबारच्या चार. टेस्टिंगच्या तीन आणि पॅकिंगची एक. वायरिंगला आमच्याकडे नऊ जणी आहेत. त्यांच्या टेबलापाशी संगणक नाही आणि त्या बैठकीला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मीही बोलावलं नाही. वायरिंगच्या दोनच क्रिया ठरल्या, कंट्रोल आणि पॉवर, त्याही दुसऱ्यांनी ठरवल्या.

आता याचा परिणाम आकड्यांत पाहा. लॉट क्रमांक 2 मध्ये 12 पॅनेल होती. बसबारपर्यंतचे सहा टप्पे झालेले, वायरिंग सुरू व्हायचं होतं. जुन्या पद्धतीनं मोजलं तर नऊपैकी सहा कामं पूर्ण, म्हणजे 67 टक्के. क्रियांची पातळी आल्यावर 30 पैकी 24 क्रिया पूर्ण, म्हणजे 80 टक्के. कुणी एक स्क्रूही फिरवला नव्हता. फक्त एक पातळी वाढवल्यानं काम 13 टक्क्यांनी पुढे गेलेलं दिसलं. प्रत्यक्षात एका पॅनेलला आम्हाला साधारण 98 तास लागतात. पहिल्या सहा टप्प्यांचे 49 आणि उरलेल्या तिघांचे 49, त्यातले 38 एकट्या वायरिंगचे. म्हणजे काम अर्धंच झालं होतं. ज्या कामाला सगळ्यात जास्त तास लागतात, त्याच्या नोंदी दोनच ठेवल्या गेल्या होत्या, आणि सॉफ्टवेअर नोंदी मोजत होतं.

मालकांनी पडद्यावर 80 पाहिलं आणि ग्राहकाला तपासणीची तारीख दिली, तिसऱ्या दिवसाची. 12 पॅनेलच्या वायरिंगचे 456 तास. नऊ जणींनी दुसऱ्या कशालाही हात लावला नसता, तरी सहा दिवसांहून जास्त लागले असते. त्या नऊ जणींत सगळ्यात जुन्या ज्या ताई आहेत, त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "ताई, तिकडं झालेलं दिसतंय ते दिसू द्या. तुम्ही एकदा दार उघडून बघा की." मी खाली गेले, दार उघडलं. आत एकही वायर नव्हती. तपासणीचा माणूस आला, रिकामी पॅनेलं पाहून परत गेला. पुढची तारीख 11 दिवसांनी मिळाली.

हे पैशांचं नुकसान होतं, ते भरून निघालं. दुसरी गोष्ट मात्र आजही माझ्या मनातून जात नाही. तपासणीत ग्राहकाचा माणूस बारीकसारीक उणिवा काढतो, त्याला आम्ही पंच पॉइंट म्हणतो. ते पॉइंट टेस्टिंगखाली क्रिया म्हणून टाकायचे ठरलं होतं. एका पॅनेलच्या दाराची अर्थिंगची वायर लावायची राहिली होती. तशी नोंद झाली होती. पण गाडी दारात उभी होती, टेस्टिंगचं काम 'पूर्ण' केलं गेलं, मग पॅनेल, मग लॉट. वरचं सगळं बंद झालं आणि खालची ती एक नोंद उघडीच राहिली. रोज सकाळी आम्ही जी यादी पाहतो ती चालू लॉटची असते. बंद लॉटच्या पोटातली उघडी नोंद कुणाच्याच यादीत येत नव्हती. पॅनेल साइटवर गेलं. दारावर मीटर, बटणं, स्विच असतात. तिथे आलेली एखादी वायर सुटून पत्र्याला लागली आणि दाराला अर्थिंग नसलं, तर मुठीला हात लावणाऱ्याला शॉक बसतो. साइटवरच्या इंजिनियरनं पॅनेल चालू करण्याआधी दार उघडून पाहिलं म्हणून कळलं. त्यांचा फोन आला तेव्हा मी काय बोलले ते मला आठवत नाही.

सॉफ्टवेअरला मी दोष देत नाही. खालची नोंद उघडी असताना वरची बंद होऊ नये, अशी अट आमच्यातही होती. ती चालू करायची राहिली होती. जिरातही सब-टास्क उघडं असताना वरचं काम अडवणारी अट वर्कफ्लोमध्ये घालता येते, पण ती आपण घालावी लागते. पातळी वाढवण्याआधी ही अट तपासा, एवढी एकच ओळ त्या लेखात असती तरी मी आपल्याला हे पत्र लिहिलं नसतं.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी वडिलांना सगळं सांगितलं. ते भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, निवृत्त होऊन 20 वर्षं झाली. संगणकातलं त्यांना काही कळत नाही. त्यांनी एकच विचारलं, "पोटहिश्शांची बेरीज मूळ नंबराला मिळत होती का?"

मी लहानपणी त्यांच्याबरोबर शेतांवर गेले आहे. एका नंबराचे, म्हणजे शेताच्या सर्व्हे नंबराचे, तीन भावांत हिस्से पाडायचे म्हटलं की, तिन्ही हिश्शांचं क्षेत्र मोजून मूळ क्षेत्राशी ताडून बघायचं. आकारणीसुद्धा त्याच प्रमाणात फोडायची, त्याचं वेगळं आकारफोड पत्रक असतं. नुसतं एका नंबराचे तीन नंबर झाले म्हणून कुणी समान वाटा धरत नाही. कुणाचा किती आर, हे लिहावंच लागतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हिस्से पाडले आणि क्षेत्र लिहिलं नाही. तीस तुकडे सारखेच समजून मोजले.

वडील पुढे म्हणाले, "आणि पोटखराबा?" नाला, खडक, जिथे नांगर चालत नाही अशी जागा. ती पिकत नाही, पण सातबाऱ्यावर तिला रकाना असतो, कारण ती जमीन आहे आणि कुणाच्या तरी वाट्याला आलेली आहे. मी विचार करत बसले. आमच्या नऊ टप्प्यांत ग्राहकाच्या मंजुरीची वाट पाहण्याला जागा नव्हती. चुकलेलं काम परत करण्याला नव्हती. पंच पॉइंट दुरुस्त करण्याला नव्हती, म्हणून तर ते क्रिया करून टेस्टिंगच्या पोटात कोंबले होते. आम्ही फक्त पिकाऊ जमीन मोजली होती.

मग मी या विषयावर वाचायला लागले. कामाच्या अशा विभागणीची शिस्त अमेरिकेच्या संरक्षण खात्यातून आली. तिथे 1968 मध्ये मिल-एसटीडी-881 या नावाचं मानक काढलं. त्यात वरच्या तीनच पातळ्या ठरवून दिल्या होत्या. विमानाचं उदाहरण घेतलं तर पहिल्या पातळीवर संपूर्ण यंत्रणा, तिसऱ्यावर सांगाडा, इंजिन असे भाग. पण दुसऱ्या पातळीवर प्रत्यक्ष विमानाच्या शेजारी, त्याच्याच बरोबरीनं, प्रशिक्षण, चाचण्या, कागदपत्रं आणि प्रकल्प व्यवस्थापन यांनाही जागा होती. विमानात यातलं काही बसवलेलं नसतं, तरी ते काम आहे, त्याला माणसं आणि पैसे लागतात, म्हणून त्याला रकाना. पुढे या क्षेत्रात शंभर टक्क्यांचा नियम म्हणून जे शिकवलं जाऊ लागलं तेही हेच आहे : खालच्या सगळ्या तुकड्यांची बेरीज वरच्या कामाइतकी, कमी नाही आणि जास्तही नाही. वडिलांना हे वाचून दाखवलं. त्यांना त्यात काही नवीन वाटलं नाही.

तेव्हापासून आम्ही एकेक पातळी तपासायला घेतली. माझी कसोटी साधी होती : ही गोष्ट संपते का? लॉट संपतो. पॅनेल संपतं. ऑर्डर संपते. ग्राहक संपत नाही. ऑर्डर पुरी झाली तरी तो असतोच, आणि तो असावा म्हणून तर आपण झटतो. विभागही संपत नाही. मग 'या ग्राहकाचं काम 72 टक्के झालं' या वाक्याला अर्थ काय? ते वाक्य आमच्या स्क्रीनवर तीन महिने दिसत होतं आणि आठवड्याच्या बैठकीत वाचलंही जात होतं. ग्राहक, विभाग, शहर, कोणत्या व्होल्टेजचं पॅनेल, या सगळ्या ओळखी आहेत. त्या कामाचे भाग नाहीत. त्यांच्यासाठी रकाना किंवा लेबल असतं, आणि त्यावरून गाळून यादी काढता येते. आम्ही त्या दोन पातळ्या काढल्या आणि दोन रकाने केले. मालकांना जे हवं होतं, एका ग्राहकाच्या सगळ्या ऑर्डरी एकत्र, ते रकान्यातूनही तितकंच दिसतं.

तांब्याचा प्रश्न वेगळा होता. बसबारसाठी तांबं आम्ही एकदम घेतो, तीन लॉटना पुरेल इतकं. ही खरेदी कोणत्या लॉटखाली घालायची? एका नोंदीला वरची नोंद एकच ठेवता येते. मी नावं घेतली त्या सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच आहे. मी ती लॉट 1 खाली घातली होती. तांबं उशिरा आलं तेव्हा लॉट 1 लाल झाला, 2 आणि 3 मात्र हिरवेच दिसत राहिले. वडिलांच्या भाषेत ही सामाईक विहीर आहे. विहीर एकाच हिश्शात पडते, पण बाकीच्या भावांचा पाण्याचा हक्क त्यांच्या उताऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात लिहिलेला असतो. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी दोन नोंदींना जोडणारा दुवा असतो : 'हे त्यावर अवलंबून आहे'. आता तांब्याची खरेदी ऑर्डरखाली स्वतंत्र आहे आणि तिन्ही लॉटचे बसबार तिला दुव्यानं जोडलेले आहेत. सामाईक गोष्टींसाठी वेगळी पातळी काढायचा मोह आम्हालाही झाला होता. त्यातून पुन्हा पाच-सहा एकुलत्या नोंदी उभ्या राहिल्या असत्या.

लेखात असाही सूर होता की, काम जितकं मोठं तितक्या पातळ्या जास्त. कोकण रेल्वेचं काम आपल्या डोळ्यांसमोर झालं. रोहा ते मंगळुरू 760 किलोमीटर, 92 बोगदे, सुमारे 2000 लहानमोठे पूल. 1990 मध्ये सुरू होऊन 26 जानेवारी 1998 ला संपूर्ण मार्गावर गाडी धावली. त्या प्रकल्पाचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी तो मार्ग सात विभागांत वाटला : महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येक विभागाला स्वतंत्र मुख्य अभियंता, जागेवर निर्णय घेणारा. म्हणजे तिथे ही पायरी नुसती आकृतीत सोय म्हणून आलेली नव्हती, त्या पायरीवर उत्तर देणारा माणूस होता. आमच्या सात पातळ्यांतल्या 'विभाग' आणि 'ग्राहक' या दोन्ही पायऱ्यांवर कुणीच उभं नव्हतं. त्या नोंदी बंद करायला, पुढे न्यायला, त्यांची तारीख बदलायला मीच एकटी जात होते.

तुकडा किती लहान करावा, हाही प्रश्न आहेच. शेतीत त्यासाठी 1947 पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा पाडता येऊ नये, कारण त्यावर धड शेती होत नाही, हा त्यामागचा विचार. कामाच्या बाबतीत जुनी माणसं 8 ते 80 तासांचा अंदाज सांगतात : आठ तासांहून लहान काम स्वतंत्र नोंदवू नये, 80 हून मोठं एकसंध ठेवू नये. आमची पंचिंगची क्रिया दोन तासांची होती. ती सुरू केल्याची आणि संपल्याची नोंद करायला माणूस मशीनपासून उठून टॅबलेटपाशी जायचा. महिनाभरात सगळ्यांनी शिफ्ट संपताना एकदम सगळ्या टिका मारायला सुरुवात केली. नोंद झाली, पण वेळ खोटी. यात कामगारांची चूक नव्हती. क्रियांची पातळी आम्ही पूर्ण काढून टाकली आणि त्याऐवजी प्रत्येक कामाच्या आत चेकलिस्ट ठेवली. चेकलिस्टमधल्या ओळीला तारीख नसते, टक्के नसतात, ती फक्त झाली किंवा नाही झाली. दाराची अर्थिंगची वायर आता तिथे आहे. ती ओळ रिकामी असेल तर टेस्टिंग बंद होत नाही.

पातळ्या काढणं हे चढवण्याहून कितीतरी अवघड गेलं, हेही सांगायला हवं. 'ग्राहक' पातळी पुसली की तिच्याखालच्या ऑर्डरी मोकळ्या पडत होत्या. जुने अहवाल, जतन करून ठेवलेल्या याद्या, मालकांच्या फोनवरचा डॅशबोर्ड, सगळं त्या पातळीच्या नावावर बांधलेलं होतं. क्रिया पुसल्या असत्या तर त्यांवर लिहिलेले शेरे, जोडलेले फोटोही गेले असते, म्हणून आधी सगळं एक्सेलमध्ये उतरवून घेतलं. चढवायला दोन रविवार लागले होते, उतरवायला पाच आठवडे.

आज आमच्याकडे चार पातळ्या आहेत : ऑर्डर, लॉट, पॅनेल, काम. 'पंच पॉइंट दुरुस्ती' आणि 'ग्राहकाच्या मंजुरीची प्रतीक्षा' ही दोन कामं प्रत्येक पॅनेलखाली आली. टक्के नोंदींवरून नाही, तासांवरून निघतात. ही सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते, रेडमाइनमध्ये तर वरच्या नोंदीचे टक्के खालच्या कामांच्या अंदाजित तासांचं वजन धरूनच निघतात. आणि ते तास ठरवताना या वेळी वायरिंगच्या नऊ जणी बैठकीला होत्या. त्यांनी पहिल्याच पाच मिनिटांत सांगितलं की, 38 तासांत फेरूल, म्हणजे वायरींच्या नंबरांच्या छोट्या नळ्या, छापून वायरींवर चढवण्याचा वेळ धरलेलाच नाही, कारण ते काम पॅनेलपाशी होत नाही, टेबलावर होतं. एका पॅनेलला सहा तास. इतकी वर्षं त्या हे काम करत होत्या आणि माझ्या एकाही तक्त्यात ते नव्हतं. आता वायरिंग 44 तासांचं आहे आणि लॉटची तारीख त्यावरून निघते.

माझी आपल्याला विनंती आहे की, या विषयावर पुरवणीत पुन्हा लिहिलं जावं, कारण अंबड-सातपूरमध्येच नव्हे तर भोसरीत, वाळूजला, इचलकरंजीत अनेक कारखाने आत्ता याच वळणावर असतील. त्या वेळी लेखकांनी सॉफ्टवेअर विकणाऱ्यांशी आणि मालकांशी बोलावंच, पण ज्यांच्या कामाच्या नोंदी होतात त्यांच्याशीही बोलावं. आमच्या वायरिंगच्या ताईंना मी विचारलं आहे. त्यांची जेवणाची सुट्टी साडेबाराला असते, अर्धा तास द्यायला त्या तयार आहेत.

आपली,
नियोजन विभागात काम करणारी एक वाचक,
अंबड, नाशिक